नकार लेखी घ्या, आणि उत्तर त्या कारणालाच द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दीर्घ आजाराने काम सुटलेल्या माणसाचा दिव्यांग प्रमाणपत्राचा किंवा अनुदानाचा अर्ज फेटाळला गेला, की घरचे लोक बहुधा तेच कागद घेऊन नवा अर्ज भरतात. निकाल पुन्हा तोच लागतो, कारण पहिला अर्ज नेमका कशावर अडला हे कोणी पाहिलेलेच नसते. मधल्या काळात अपिलाची मुदत उलटते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 59 ने अपिलाचा अधिकार दिला आहे, पण तो वापरणारे फार थोडे. म्हणून हे पत्र.

सुरुवात लेखी नकारापासून करावी. खिडकीवर कोणी तोंडी सांगितले किंवा संकेतस्थळावर एका शब्दात ‘नामंजूर’ असे दिसले, तर तेवढ्यावर अपील उभे राहत नाही. अर्जदार अपात्र ठरला तर त्याला कारणांसह लेखी कळवणे वैद्यकीय प्राधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. ते पत्र मिळाले नसेल तर साध्या अर्जाने मागावे, आणि त्याच अर्जात अपील कोणाकडे व किती दिवसांत करायचे हेही विचारावे, कारण अपील प्राधिकारी आणि मुदत राज्य सरकार ठरवते. तरीही उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराखाली 10 रुपये शुल्क भरून स्वतःच्या तपासणीच्या नोंदींची आणि गुणांकनाच्या तक्त्याची प्रत मागता येते. त्याला 30 दिवसांची मुदत आहे, म्हणून हा अर्ज उशिरा करू नये. अपिलाच्या मुदतीपर्यंत प्रत हाती आली नाही, तर अपील दाखल करून ‘नोंदींची प्रत मागितली आहे, ती मिळताच जोडतो’ असे त्यात लिहावे.

हा तक्ता हाती आला की बरेच उलगडते. उदाहरणार्थ, एकाच माणसाला दोन व्याधी असतील तर टक्क्यांची नुसती बेरीज होत नाही. मोठ्या टक्क्याला ‘अ’ आणि लहान टक्क्याला ‘ब’ म्हटले, तर सूत्र असे: अ + ब × (90 − अ) ÷ 90. पायाच्या दुर्बलतेचे 36 टक्के आणि दृष्टिदोषाचे 18 टक्के असतील तर एकत्रित दिव्यांगत्व 46.8 टक्के येते. दुसरी व्याधी मोजलीच नसेल तर हाच माणूस 36 वर राहतो आणि लाभासाठी लागणाऱ्या 40 टक्क्यांच्या आत अडकतो. मधुमेहाच्या रुग्णांमध्ये हे पाहायला मिळते: पावलांची तपासणी होते, डोळ्यांकडे कोणी पाठवत नाही. अशा अपिलात एवढेच लिहावे की अमुक व्याधीचे मूल्यमापन झालेले नाही, ते करून एकत्रित टक्केवारी काढावी. सोबत त्या विभागाचा अहवाल लावावा.

मानसिक आजारात दिव्यांगत्व मोजायला आयडियाज (IDEAS) नावाची मोजपट्टी वापरतात. स्वतःची देखभाल, माणसांशी संबंध, संवाद व आकलन, आणि काम या चार बाबींना प्रत्येकी 0 ते 4 गुण मिळतात. त्यात आजार किती जुना आहे याचे गुण मिळवतात: दोन वर्षांच्या आत 1, दोन ते पाच वर्षे 2, सहा ते दहा वर्षे 3, त्यापुढे 4. एकूण 7 झाले की 40 टक्क्यांची पायरी गाठली जाते. चार बाबींचे मिळून 4 गुण असलेल्या रुग्णाचा आजार पाच वर्षांचा धरला तर बेरीज 6 होते, सात वर्षांचा धरला तर 7. म्हणजे सगळा निकाल जुन्या केसपेपरवर ठरतो. पहिल्या उपचाराची चिठ्ठी, औषधांच्या पावत्या, पूर्वीच्या रुग्णालयाचे नोंदणी पुस्तक यांतले काहीच टाकून देऊ नये.

आता डॉक्टरांच्या पत्राविषयी. ‘रुग्ण काम करण्यास असमर्थ आहे’ एवढ्या एका ओळीने तपासणाऱ्या वैद्यकीय मंडळाला काहीच कळत नाही. पत्रात निदान, आजाराची सुरुवात, कोणते उपचार करून झाले, औषधांचे दुष्परिणाम, आणि मुख्य म्हणजे माणूस काय करू शकत नाही हे मोजून लिहिलेले हवे: न थांबता किती मीटर चालतो, सलग किती मिनिटे बसतो, पेन किंवा चमचा धरता येतो का, थोड्या श्रमानंतर किती वेळ पडून राहावे लागते. पार्किन्सन्स किंवा मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या चढउताराच्या आजारात तपासणीचा दिवस नेमका बरा निघू शकतो. त्यासाठी दोन आठवड्यांची रोजनिशी ठेवावी. औषधाची वेळ, अंग आखडण्याची वेळ, पडण्याच्या घटना अशा तारीखवार नोंदी करून त्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची सही घ्यावी. पत्रावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि तारीख नसेल तर ते बाजूला पडते. डिस्चार्ज कार्डावरच्या ‘प्रकृती स्थिर’ या शेऱ्याने तर अनेकांचे नुकसान होते. त्याचा अर्थ जिवाला तातडीचा धोका नाही एवढाच आहे. माणूस कामावर परतू शकतो असे त्यातून निघत नाही, आणि डॉक्टरांकडून ते स्पष्ट लिहून घ्यावे.

दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत मूत्रपिंड निकामी होणे, हृदयविकार, कर्करोग नाहीत. डायलिसिसवरच्या माणसाला त्या एका कारणाने प्रमाणपत्र मिळत नाही, ही मोठी उणीव आहे आणि ती अपिलाने भरून निघणार नाही. अशांनी संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा रस्ता धरावा. तिच्या निकषांत क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग ‘यासारख्या’ दुर्धर आजारांमुळे चरितार्थ चालवू न शकणारे स्त्री-पुरुष येतात. यादी तिथे बंद होत नाही, हे तहसील कार्यालयाला लेखी दाखवून द्यावे. दाखला जिल्हा शल्य चिकित्सक किंवा शासकीय रुग्णालयाच्या अधीक्षकांचा लागतो. नकार उत्पन्नावरून असेल तर वैद्यकीय कागदांची थप्पी काही कामाची नाही, तिथे उत्पन्नाचा दाखलाच दुरुस्त व्हायला हवा. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21 हजार रुपये आहे, दिव्यांगांसाठी 50 हजार. दिव्यांगांचे मासिक अनुदान 2025 मध्ये 1,500 वरून 2,500 रुपये झाले. त्यामुळे ज्यांना प्रमाणपत्र मिळू शकते त्यांनी त्याचे अपील सोडू नये.

नोकरदारांना एक कळकळीची विनंती: दावा निकाली निघेपर्यंत राजीनामा देऊ नका. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत कायमच्या पूर्ण असमर्थतेचे पेन्शन एका महिन्याच्या वर्गणीवरही मिळू शकते, आजार कामामुळे झालेला असण्याची अट नाही, पण असमर्थता नोकरीत असताना आलेली हवी. सरकारी आस्थापनेत तर दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 20 नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून काढता येत नाही, समान वेतनाचे दुसरे पद द्यावे लागते. कामगार विमा योजनेत (ईएसआय) 91 दिवसांचा आजारपण लाभ संपल्यावर ठरावीक 34 दीर्घ आजारांसाठी वाढीव लाभ आहे. तो पुष्कळदा आजारावरून नाकारला जात नाही, तर सहा-सहा महिन्यांच्या चार अंशदान (वर्गणी) कालावधींत वर्गणीचे 156 दिवस भरत नाहीत म्हणून अडतो. मालकाने अंशदान भरलेलेच नसेल तर तिथे पगाराच्या चिठ्ठ्या आणि हजेरीपट लावावेत.

शासनाकडे मागण्या साध्या आहेत. प्रत्येक नकारपत्रावर मराठीत कारण, गुणांकनाचा तक्ता, अपील प्राधिकाऱ्याचा पत्ता आणि शेवटची तारीख छापावी. आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची अपिलातील फेरतपासणी त्याच्या घरी व्हावी, कारण तारखेला मंडळासमोर हजर राहिला नाही म्हणून त्याचे अपील निकाली काढणे हा सरळ अन्याय आहे.

आपला,
एक रुग्णहक्क कार्यकर्ता