गरोदर स्त्रीचे ‘अज्ञान’ आणि घरची ऐपत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिवतापावरच्या बातम्यांत आणि लेखांत एक वाक्य हमखास वाचायला मिळते : ‘गरोदर महिलांमध्ये या रोगाविषयी पुरेशी जागरूकता नाही.’ वाक्य खोटे नाही. पण ते तिथेच थांबते आणि या बायकांना चार गोष्टी नीट समजावून सांगितल्या की प्रश्न मिटला, असा समज वाचणाऱ्याच्या मनात रुजतो. ज्या पाहण्यांच्या आधारे हे वाक्य लिहिले जाते, त्यांत घरच्या ऐपतीचाही एक रकाना असतो. तो वाचल्याशिवाय त्या वाक्याचा खरा अर्थ लागत नाही, असे मला वाटते. म्हणून हे पत्र.

ही ऐपत मोजतात कशी, तेच आधी पाहू. अशा पाहण्यांत सहसा उत्पन्न विचारत नाहीत, कारण हातावर पोट असलेल्या माणसाला ते नेमके सांगता येत नाही. त्याऐवजी घरातली जमीन मातीची आहे की फरशीची, पाणी कुठून येते, संडास आहे का, वीज आहे का, सायकल, रेडिओ, टीव्ही, मोबाइल आहे का, असे प्रश्न विचारतात आणि उत्तरांवरून सर्व कुटुंबे पाच गटांत विभागतात. आता रेडिओ, टीव्ही आणि मोबाइल या केवळ चीजवस्तू नव्हेत, आरोग्याचा संदेश घरात येण्याच्या त्याच वाटा आहेत. म्हणजे सर्वांत खालच्या गटात जे घर मोडते, त्या घरात संदेश पोहोचण्याची सोयच अनेकदा नसते. मग त्या घरातल्या बाईला डास आणि हिवताप यांचा संबंध नीट सांगता आला नाही, तर त्याला तिचे अज्ञान म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

त्यातून हा रोग असा, की तो अंगात असल्याचे गरोदर बाईला स्वतःला कळेलच असे नाही. जिथे हिवतापाचा प्रसार फार आहे, तिथे तिला अनेकदा तापही येत नाही. पण फाल्सिपेरम जातीच्या परजीवींनी ग्रासलेल्या तांबड्या पेशी वारेत साचत राहतात, आईचे रक्त कमी होते, मूल अपुऱ्या दिवसांचे किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मते, कधी पोटातच दगावते. सर्वाधिक धोका पहिलटकरणीला, कारण वारेत साचणाऱ्या या परजीवींविरुद्धची प्रतिकारशक्ती पुढच्या बाळंतपणांबरोबर हळूहळू येते. अशा वेळी अनुभवाचा उपयोग नाही. बाहेरून कोणीतरी सांगावेच लागते.

पण सांगितल्यानंतरही काय होते, ते आफ्रिकेतल्या आकड्यांवरून दिसते. मध्यम ते तीव्र प्रसाराच्या ३३ आफ्रिकी देशांत २०२२ साली अंदाजे ३ कोटी ५४ लाख गर्भारपणे झाली आणि त्यांपैकी १ कोटी २७ लाखांमध्ये हिवतापाची लागण झाली, असे जागतिक आरोग्य संघटनेचा अहवाल सांगतो. अशा भागांत चौथ्या महिन्यापासून किमान एक महिन्याच्या अंतराने सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन या हिवताप-प्रतिबंधक औषधाच्या निदान तीन मात्रा घ्याव्यात, अशी संघटनेची शिफारस आहे. एक मात्रा म्हणजे तीन गोळ्या, शक्यतो आरोग्य केंद्रातच परिचारिकेसमोर गिळायच्या. २०२२ साली तपासणीला एकदा तरी गेलेल्या बायका ७८ टक्के, आणि तिन्ही मात्रा मिळालेल्या ४२ टक्के. मात्रा अपुऱ्या राहिलेल्या यांतल्या बऱ्याच बायका केंद्राच्या दारापर्यंत पोहोचल्या होत्या, हे लक्षात घ्यावे. कधी केंद्रातच गोळ्या नसतात, हे खरे आणि तो दोष बाईच्या माथी मारता येणार नाही. एरवी गोळी फुकट असली तरी फेरी फुकट नसते. कामाचा खाडा, गाडीभाडे, रांगेतला सबंध दिवस, घरी ठेवलेली मुले, आणि भाड्याचे पैसे ज्याच्या हातात त्याची परवानगी. हे सगळे जमेपर्यंत पहिली तपासणीच अनेकदा पाचव्या-सहाव्या महिन्यात होते आणि उरलेल्या महिन्यांत तिन्ही मात्रांसाठीच्या फेऱ्या जमवणे कठीण होते.

मच्छरदाणीचेही तसेच. हिवतापाचा डास मुख्यतः रात्री चावतो, म्हणून कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाणीत झोपा, हा सल्ला अगदी बरोबर आहे. पण एकाच खोलीत जिथे चूल, तिथेच अंथरूण असेल, तर ती रोज रात्री चार दोऱ्यांवर ताणायची आणि पहाटे गुंडाळून ठेवायची. घरात माणसे सहा आणि मच्छरदाणी एक असेल, तर तिच्यात कोण झोपणार हे गरोदर बाई ठरवत नाही. दोन माणसांमागे एक, असा संघटनेचा हिशेब आहे, तो यासाठीच.

जेसिका कोहेन आणि पास्कलीन द्यूपा या दोन अर्थशास्त्रज्ञांनी केनियातील प्रसूतिपूर्व तपासणी केंद्रांत केलेला प्रयोग (२०१०मध्ये प्रसिद्ध) मला या बाबतीत फार बोलका वाटतो. काही केंद्रांत गरोदर स्त्रियांना मच्छरदाणी फुकट दिली, काहींत अल्प किमतीला. किंमत शून्यावरून ६० सेंटवर जाताच ती घेणाऱ्यांचे प्रमाण ६० टक्के-बिंदूंनी घसरले. पदरमोड करून घेतलेली वस्तू माणूस जास्त वापरतो, असे आपण सहज म्हणतो. तेही तिथे खरे ठरले नाही. फुकट मिळालेल्या बायकांनी ती विकत घेणाऱ्यांइतकीच वापरली.

माहितीचे महत्त्व मला कमी लेखायचे नाही. फॉलिक आम्लाची पाच मिलिग्रॅमची मोठी मात्रा वर सांगितलेल्या औषधाचा गुण कमी करते, हे ठाऊक असलेली बाई डॉक्टरला चार प्रश्न विचारू शकते. मात्र माहिती आणि साधन एकाच दिवशी, एकाच हाताने पोहोचले पाहिजे. गावपातळीवरच्या आरोग्य सेविकांकडून या मात्रा घरापर्यंत पोहोचवण्याचा मार्ग संघटनेने २०२२च्या शिफारशींत मोकळा केला आहे. तो नियमित तपासणीच्या जागी नाही, तिच्या जोडीला आहे. आणि खालच्या गटातल्या घरांना सर्वांत जास्त गरज त्याचीच आहे.

आपल्या दैनिकाला माझी एवढीच विनंती आहे की, अशा पाहणीची बातमी देताना ‘किती महिलांना माहिती नाही’ या आकड्यासोबत तो आकडा पाचही आर्थिक गटांत वेगवेगळा किती आहे, मच्छरदाणी त्यांना फुकट मिळाली होती का, आणि पहिली तपासणी कितव्या महिन्यात झाली, हेही छापावे. ही माहिती बहुतेक वेळा मूळ अहवालातच असते.

आपली नम्र,
एक नियमित वाचक