मुख्याध्यापकाचे ध्येय मुलांना दिसते

महोदय,

मुख्याध्यापकाचे मोल हल्ली निकालाच्या टक्केवारीवरून ठरते. पण शाळेचा प्रमुख कशासाठी तेथे आहे, हे मुले त्याच्या भाषणापेक्षा त्याच्या रोजच्या निवडींतून ओळखतात. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्यात वसतिगृह चालवले, तेव्हा बहुजनांच्या मुलांना स्वावलंबनातून शिक्षण मिळावे हा त्यांचा हेतू घोषणेपुरता उरला नाही. निरनिराळ्या जातींची मुले एकाच पंगतीला बसत आणि श्रमाची कामे स्वतः करत. वसतिगृहातील मुलांसाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिनेही मोडले. समतेचा वेगळा तास घेण्याची गरज त्या मुलांना कितपत भासली असेल, याची शंकाच आहे.

आजच्या मुख्याध्यापकांकडे ध्येय नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत लिपिक नसतो; त्यामुळे पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीसंचात भरायची माहिती आणि तातडीने मागवलेले अहवाल यांत प्रमुखाचा दिवस सरतो, आणि वर्गात डोकावणारा, मुलांना नावाने हाक मारणारा माणूस त्यांना फक्त संगणकापुढे दिसतो. (प्रशिक्षणांत मात्र ‘नेतृत्वविकास’ आवर्जून असतो!) शिक्षण विभागाने निदान केंद्रस्तरावर, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटासाठी, एक लिपिक नेमावा आणि मुख्याध्यापकांच्या मूल्यमापनात वर्गभेटींना व पालकांशी होणाऱ्या संवादाला स्थान द्यावे, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षक, सातारा