वल्हांडणाच्या ताटात लपलेला गहू

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या, म्हणजे पेसाहच्या, जेवणाच्या पाककृती वाचल्या. हा विषय घेतलात याचा आनंद आहे. मराठीला हा सण नवा नाही. पुण्यात 1874 साली छापलेल्या मराठी हग्गादात (सणाच्या रात्री वाचायच्या पोथीत) आपल्याकडच्या पेहरावातल्या बायका बेखमीर भाकरी लाटताना, भाजताना दाखवल्या आहेत. त्यामुळेच दोन चुका जास्त खटकल्या. मासा रव्यात घोळवून तळायला सांगितला आहे आणि फोडणीत हिंग घातला आहे. दोन्हींमुळे सणाच्या ताटात गहू येतो.

गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट या पाच धान्यांपैकी कशालाही पाणी लागून ते फुगलं की ते हामेत्स, म्हणजे या सणात निषिद्ध, झालं. सणाचे दिवस ते घरातही ठेवायचं नाही. पाव, पोई, बेबिंका, बिअर हे सहज लक्षात येतं. चुकतं ते लपलेल्या गव्हापाशी. रवा हा गहूच. बाजारातल्या पिवळ्या हिंगाच्या डबीत हिंग थोडा आणि मैदा जास्त असतो, डबीवरची घटकांची यादी वाचली की कळतं. सोया सॉसमध्ये गहू, माल्ट व्हिनेगरमध्ये जव. माडाच्या सुरेपासून केलेलं आपलं व्हिनेगर मात्र धान्याचं नसतं. मसाले अख्खे आणून घरी वाटावेत, कारण दळलेला मसाला ज्या गिरणीतून येतो तिथे गहूही दळला जात असेल.

भाकरीची, म्हणजे मात्साची (ही गव्हाचीच, पण पीठ फुगू न देता भाजलेली), कृती पुरवणीत दोन ओळींत उरकली आहे. खरी मेहनत तिथेच आहे. पिठाला पाणी लागल्यापासून भाकरी भाजून होईपर्यंत 18 मिनिटांच्या वर वेळ जाता कामा नये. त्यामुळे पोळीसाठी हाताला लागलेल्या सवयी इथे उलट्या पडतात. कणीक मुरत ठेवायची नाही. मीठ नाही, तेल नाही. लाटताना पिठी लावायची नाही, कारण भाकरीला चिकटलेलं कोरडं पीठ कच्चंच राहतं आणि पुढे रश्शात भिजलं की तेच हामेत्स. पाणीसुद्धा आदल्या संध्याकाळी भरून, गाळून, झाकून गार जागी ठेवलेलं हवं. एप्रिलच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं कोमट पाणी वापरलं तर पीठ लवकर फुगतं.

200 ग्रॅम कोरड्या दळलेल्या गव्हाच्या पिठाला साधारण 100 मिलिलिटर पाणी घ्यावं. कारखान्यातल्या पाकिटबंद पिठाचा गहू दळण्याआधी बऱ्याचदा ओलावलेला असतो, म्हणून ते चालत नाही. कणीक घट्टच हवी, सैल झाली तर पिठीशिवाय लाटता येत नाही. सहा गोळे करून प्रत्येक भाकरी वीतभर रुंद आणि दीड मिलिमीटरपेक्षा पातळ लाटावी. मग काट्याने सगळीकडे, अगदी कडेपर्यंत, टोचून घ्यावी. दोघांनी लाटावं, तिसऱ्याने दोन कडक तापलेल्या तव्यांवर भाजावं. एकट्याने हे वेळेत होत नाही.

फुलका टम्म फुगला की आपण खूश होतो, इथे मात्र फुगली ती भाकरी बाद. फुगवट्याच्या आतली किंवा दुमडलेल्या घडीतली कणीक नीट भाजत नाही. भाकरी मोडून पाहावी. तुटताना कणकेचा बारीकसा धागाही ताणला गेला तर ती कच्ची आहे. पुढच्या घाण्याला परात आणि लाटणं स्वच्छ घासलेलं, पूर्ण कोरडं घ्यावं. लाकडी लाटण्याच्या भेगांत कणीक अडकते, त्यामुळे लाटणी दोन-तीन असलेली बरी. भाजलेल्या भाकऱ्या पूर्ण निवल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात. गरम भरल्या तर वाफ धरते, उघड्या ठेवल्या तर किनाऱ्यावरच्या दमट हवेत रात्रीपर्यंत चिवट होतात. ज्या घरांत नियम फार कडक, तिथे सेदेरच्या, म्हणजे सणाच्या रात्रीच्या विधीच्या जेवणाच्या, तीन भाकऱ्या रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) देखरेखीत झालेल्या, बंद खोक्यातल्याच घेतात.

हारोसेतसाठी, म्हणजे सेदेरच्या ताटातल्या गोड चटणीसाठी, अर्धा किलो खजूर घ्यावा आणि प्रत्येकातली बी काढली आहे ना ते पाहावं. पाऊण लिटर गरम पाण्यात चार तास भिजवून वीस मिनिटं उकळावा, कुस्करून पंच्यातून पिळावा आणि निघालेला रस जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर आटवावा. शेवटी सारखं ढवळावं लागतं, नाहीतर तळाला लागतो. निवल्यावर तो आणखी दाटतो, म्हणून थोडा पातळ असतानाच उतरवावा. वर अक्रोडाचा किंवा काजूचा भरड कूट. मिसरातल्या (इजिप्तमधल्या) ज्यू गुलामांनी विटांसाठी कालवलेल्या चिखलाची ती आठवण आहे, त्यामुळे रंग आणि दाटपणा तसा हवा. कडू भाजी म्हणून पुरवणीत कारलं सुचवलं आहे. परंपरेत लेट्यूस आहे. पानं सुटी करून मिठाच्या पाण्यात ठेवावीत आणि उजेडासमोर धरून किडे बघावेत. कोशर (ज्यू आहारनियमांत बसणारी) वाइन मिळाली नाही तर काळे मनुके रात्रभर भिजवून, वाटून, गाळून शरबत करावं, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, घरांतली ती जुनी रीत आहे.

मासा खवले आणि पर दोन्ही असलेलाच. बांगडा, इस्वण (सुरमई), चणक, तामसो चालतात. मोरी (शार्क), सांगट (शिंगाळा), माणकी (माकूळ), सुंगटं (कोळंबी), कुर्ल्या (खेकडे), तिसऱ्या (शिंपल्या) चालत नाहीत. एक किलो इस्वणाला मूठभर कोथिंबीर, आठ लसूण पाकळ्या, पाच हिरव्या मिरच्या आणि हळद यांचं वाटण लागतं. ते परतून त्यात नारळाचं पातळ दूध घालावं आणि मासा शिजवावा. आमसुलं आणि घट्ट दूध शेवटी, आच अगदी मंद करून. आंबट पडल्यावर खळखळ उकळी आली की दूध फाटतं. सेदेरचं वाचन लांबतं, जेवायला नऊही वाजतात, तोवर हा रस्सा छान मुरतो. तळलेला मासा तेवढ्यात मऊ पडतो.

पाहुण्यांना आधी एक विचारावं. बेने इस्राएल भात खातात, युरोपातून आलेल्या घराण्यांतले अनेकजण या दिवसांत तांदूळ आणि डाळीही टाळतात.

पुढच्या पुरवणीत एवढी दुरुस्ती छापावी ही विनंती: रव्याऐवजी तांदळाचं पीठ, तांदूळ न खाणाऱ्यांसाठी नुसती हळद आणि मीठ, हिंगाऐवजी लसूण, कारल्याऐवजी लेट्यूस.

एक वाचक, मडगाव