संमती घेतात म्हणे!

संपादक साहेब,

कारखान्यात दिवसाला ९ ऐवजी १२ तास काम घ्यायला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली, ओव्हरटाइमची मर्यादा पण तीन महिन्याला ११५ वरून १४४ तास, आणि वर सांगतात की कामगाराची लेखी संमती लागेल, आठवड्याचे ४८ तास आहेत तेच राहतील. कागदावर ठीक आहे हो. मी चाकणला पॅकिंगमध्ये कंत्राटी आहे, आमच्याकडे संमती कशी घेतात सांगते, सुपरवायझर गेटवरच छापील फॉर्म पुढे करतो, पेन पण त्याचाच, सही नाही केली तर उद्यापासून येऊ नका एवढंच.

रात्रपाळीचं पण तेच. १९४८ च्या कारखाना कायद्यात बायकांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढंच काम होतं, आता नव्या कामगार संहितेत, म्हणजे कामगारांच्या नव्या कायद्यात, संमती आणि सुरक्षेची सोय असेल तर रात्री पण चालतं. माझा विरोध नाहीये, चार पैसे जास्त मिळाले तर मुलीच्या क्लासची फी निघते. पण कंपनीची बस हायवेलाच सोडते, पुढे खोलीपर्यंत पंधरा मिनिटं मोबाईलचा टॉर्च लावून चालायचं, कुत्री मागे लागतात ती वेगळीच. ओव्हरटाइमचे दुप्पट पैसे म्हणे, आमच्या पगाराच्या स्लिपवर तो कॉलमच नाही!

दारापर्यंत गाडी द्या आणि ती सही कामगार निरीक्षकासमोर घ्या, मग बघू कितीजणी हो म्हणतात.

– एक महिला कामगार, चाकण