'चेक' परका, मग 'शह' कुणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी नात जळगावला आठवीत आहे. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' या विषयावरच्या निबंधात तिने यावल तालुक्यातल्या आमच्या शेताजवळच्या नाल्याबद्दल लिहिलं : 'नाल्यावर चेक डॅम झाला आणि विहिरीला पाणी टिकलं.' शिक्षकांनी 'चेक'भोवती लाल गोल काढून समासात शेरा मारला, 'परका शब्द. टाळा.' मराठीच्या तळमळीनेच त्यांनी तो लिहिला असणार. 'बंधारा' हा नेटका शब्द हाताशी असताना तो वापरावा, हे मलाही पटतं. पण पोरीने मला विचारलं, "आबा, परका म्हणजे कुठला?" तिला जे सांगितलं ते इतर मुलांपर्यंतही जावं म्हणून हे पत्र.

मी रेल्वेत टीसी होतो. भुसावळहून कधी मनमाड, कधी खंडवा, कधी बडनेरा, अशी ३४ वर्षं गेली. डब्यात शिरलो की कुजबुज व्हायची, 'चेकर आला.' फंडाची रक्कम मिळाली ती चेकने. डॉक्टर दरवर्षी चेकअप करायला सांगतात. शिरपूरहून इंदूरकडे जाताना सीमेवर चेकपोस्ट लागतं. दिवाळीला मुलगा चेक्सचा शर्ट आणतो. अमळनेरकडचे आमचे पाहुणे अहिराणीतसुद्धा 'पासबुक चेक करी ले' असंच म्हणतात. हे सगळे वेगवेगळे शब्द असून उच्चार तेवढा योगायोगाने एक आहे, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. निवृत्तीनंतर वाचनालयात जाड इंग्रजी कोश उघडला, तेव्हा कळलं की सगळे एकाच ठिकाणाहून निघाले आहेत, बुद्धिबळाच्या पटावरून.

हा खेळ आपला. चतुरंग या नावाने तो इथून इराणात गेला आणि तिथून अरबांकडे. राजावर मारा आला की इराणी खेळाडू 'शाह!' म्हणून इशारा द्यायचा, म्हणजे 'राजा सांभाळा'. हाच शब्द अरबांमार्फत युरोपात पोचला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा 'एशेक' झाला आणि इंग्रजीत 'चेक'. त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून 'चेस' आला. 'चेकमेट' म्हणजे 'शाह मात', राजा हतबल झाला. आणि फारसीतून थेट मराठीत काय आलं? शह आणि मात! आपण रोज म्हणतो, शहाला काटशह दिला, संकटावर मात केली. म्हणजे मराठी 'शह' आणि इंग्रजी 'चेक' एकाच घरातले. एक जवळच्या वाटेने आला, दुसरा अरबस्तान, फ्रान्स, इंग्लंड असा वळसा घालून. आणखी मागे गेलं तर 'शाह'चं प्राचीन इराणी रूप आपल्या 'क्षत्र', 'क्षत्रिय' या शब्दांच्याच मुळाशी जाऊन मिळतं. सत्ता गाजवणे, हा त्या मुळाचा अर्थ. हे वाचलं त्या दिवशी मी वाचनालयातून घरी येईपर्यंत वाटेत भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

आता अर्थ कसे फुटले ते बघा. शह बसला की राजाची मोकळीक संपते, म्हणून 'चेक' म्हणजे अटकाव. अटकावातून नियंत्रण आणि नियंत्रणातून पडताळणी. माझं तिकीट तपासणं या शेवटच्या फांदीवरचं. बँकेचा चेक म्हणजे मुळात पुस्तकात मागे राहणारी स्थळप्रत. कुणी आकडा बदलू नये म्हणून तो अटकाव होता, पुढे फाडून दिलेल्या कागदालाच ते नाव पडलं. चेक्सचं कापड पटावरच्या घरांवरून. इंग्लंडच्या राजाचे हिशेबनीस १२व्या शतकात चौकटी आखलेलं कापड मेजावर अंथरून त्यावर सोंगट्या सरकवत हिशेब करायचे. त्या पटावरून त्यांच्या खजिन्याला 'एक्स्चेकर' म्हणू लागले आणि ब्रिटनच्या अर्थमंत्र्याच्या पदनामात तो शब्द आजही आहे. (आपल्या जुन्या पटावरची घरं मात्र एकाच रंगाची असत. काळीपांढरी घरं युरोपातली.)

आणि चेक डॅम. पावसाळ्यात सातपुड्यातून नाले नुसते धावत येतात. चार तासांत पाणी तापीला मिळतं, आमच्या शेताला त्याचा ओलावाही राहत नाही. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात बोअर किती खोल न्यावे लागतात, हे शेतकऱ्याला विचारा. नाल्यावर आडवा बांध घातला की पाण्याचा वेग मोडतो, गाळ खाली बसतो, पाणी थांबतं आणि जमिनीत मुरतं. पाण्याला दिलेला शहच तो! हे तंत्रही आपल्याला परकं नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेवर फड पद्धतीचे बंधारे शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळले, पाण्याची पाळी आपसात ठरवली आणि राखली. माझ्या नातीने जो शब्द लिहिला, त्यात हे सगळं होतं. लाल गोलामुळे ते तिला कळलं नसतं.

शिक्षकांशी माझं भांडण नाही. 'धनादेश' लिहा, 'तपासणी' लिहा, मीही लिहितो. पण तिकीट तपासनीस या माझ्या मराठी पदनामातला 'नीस' फारसी 'नवीस'वरून आला आहे, म्हणजे लिहिणारा. फडणीस आणि चिटणीस यांतलाही तोच. या शब्दांना कुणी लाल गोल काढत नाही आणि काढूही नये. मुलाला चांगला मराठी शब्द सुचवावा आणि त्याच वेळी दुसरा शब्द कुठून, कसा आला तेही दोन वाक्यांत सांगावं. नुसतं 'परका' म्हटलं की पोर गप्प बसतं आणि पुढचा प्रश्न विचारत नाही.

आपल्या अंकात मुलांसाठी मजकूर असतो. तिथे दर आठवड्याला एका शब्दाचा प्रवास छापावा, अशी विनंती आहे. लिहायला माणूस नसेल तर मी लिहून पाठवतो. नाव छापलं नाही तरी चालेल. 'तिकीट' या शब्दाचं टिपण तयार आहे. तोही फ्रान्समधून, 'एटिकेट'च्या घरातून आलेला आहे. सोमवारी टपालात टाकतो.

आपला,
एक निवृत्त तिकीट तपासनीस, भुसावळ