तू स्लेजवर हरला नाहीस

सातारा, मे २०२५

चि. अमेयस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आई, माझी ताकदच कमी पडली. ती वजनं लादलेली घसरगाडी, स्लेज, तिने घात केला. आता सहा महिने नुसतं वेट ट्रेनिंग करणार." तेव्हा मी गप्प बसले, कारण हायरॉक्स शर्यतीचा तुझा निकाल मी नीट बघितलाच नव्हता. काल चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून तो छापून आणला आणि दुपारभर पेन्सिल घेऊन बसले. बाबा दोनदा चहाला हाक मारून गेले. आता खात्रीने सांगते, तुझी ताकद कमी पडलेली नाही. सहा महिने नुसती वजनं उचललीस, तर पुढच्या वेळीही तू इथेच अडकशील.

दीड तासाच्या आत यायचं ठरवलं होतंस, आणि लागले १ तास ३८ मिनिटं २० सेकंद. त्यातली ४८:३२ धावण्यात गेली, ४१:४० आठ स्टेशनांवर (व्यायामाच्या टप्प्यांवर) आणि ८:०८ रॉक्सझोनमध्ये, म्हणजे ट्रॅकवरून स्टेशनवर आणि स्टेशनवरून परत ट्रॅकवर जाण्यात. निम्मी शर्यत धावण्याची आहे, बाळा. आणि तुझं सगळं लक्ष १५२ किलोंच्या स्लेजवर.

हायरॉक्स हा शब्द मी मार्चमध्ये तुझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. मग वाचलं. २०१७ साली जर्मनीत हॅम्बुर्गला हे सुरू झालं, आणि सुरू करणाऱ्या दोघांतला एक, मॉरिट्झ फ्युर्स्टे, हॉकीपटू. जर्मनीच्या संघातून २००८ आणि २०१२ साली ऑलिंपिक सुवर्ण मिळवलेला. हे कळलं आणि शर्यतीची रचना एकदम पटली. हॉकीत झटक्यात जोर लावायचा आणि त्याच पायांनी लगेच पुन्हा पळायचं. इथेही तेच. एक किलोमीटर पळ, एक स्टेशन कर, असं आठ वेळा. प्रत्येक किलोमीटर आधीच्या स्टेशनने दमवलेल्या पायांनी पळायचा. फक्त पहिलाच ताज्या पायांनी मिळतो, आणि तिथेच तू चुकलास.

तुझा पहिला किलोमीटर ४:३८. नुसती १० किलोमीटरची शर्यत तू ५२ मिनिटांत पळतोस, म्हणजे किलोमीटरला ५:१२. पुढे एवढं सगळं बाकी असताना तू आपल्या नेहमीच्या वेगाहून ३४ सेकंद लवकर आलास. गोरेगावच्या त्या हॉलमधला गोंगाट, ते दिवे, शेजारी पळणारी पोरं, मला सगळं कळतं. मीही कॉलेजात असताना ८०० मीटरची पहिली फेरी ६५ सेकंदांत मारली होती आणि दुसरीला ८१ लागले होते. चौथी आले. घरी येऊन अण्णांना सांगितलं की पोटात दुखत होतं. ते खोटं होतं, आणि आजतागायत ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्यानंतर स्की मशीनवर, म्हणजे उभं राहून दोन दोऱ्या खाली ओढायच्या त्या यंत्रावर, ४:३६. तुला वाटलं, छान झालं. पण ते यंत्र पंख्यावर चालतं, आणि त्यात लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. १००० मीटर ४:३६ मध्ये म्हणजे साधारण १३३ वॅट, ४:५० मध्ये ११५. चौदा सेकंद वाचवायला तू सोळा टक्के जास्त जोर लावलास, तोही शर्यतीच्या पहिल्या दहा मिनिटांत. त्याचं बिल लगेच आलं. दुसरा किलोमीटर ५:१०, तिसरा ५:५२, चौथा ६:२०, पाचवा ६:३५.

तिसऱ्या किलोमीटरला तू कठड्याजवळून गेलास तेव्हा मी तुला नीट बघितलं. खांदे कानांपर्यंत चढलेले. डाव्या हाताची मूठ इतकी आवळलेली, की अंगठा आत दाबला गेला होता. मी "हात सोड!" म्हणून ओरडले, तुला ऐकू गेलं नाही. तू नुकताच स्लेज ढकलून आला होतास, ३:२८ मध्ये. ज्या स्लेजला तू दोष देतोस, ती अंगात इतकी दमछाक असतानाही तू चांगली ढकललीस.

आता खरी गंमत पुढे आहे, आणि ती बघून मला फार बरं वाटलं. सहावा किलोमीटर ६:२८, सातवा ६:२४. रोइंगनंतर आणि फार्मर्स कॅरीनंतर तू हळूहळू वर येत होतास! दम संपलेला माणूस असा परत येत नाही. रोइंग मशीनवर बसायला मिळालं, श्वास जाग्यावर आला, दोन हातांत २४-२४ किलो घेऊन २०० मीटर तू २:२२ मध्ये चाललास आणि पाय पुन्हा बोलायला लागले. मग खांद्यावर सँडबॅग घेऊन गुडघा टेकवत चालायच्या लंजेसनी मांड्या भरून आल्या आणि आठवा ७:०५ वर गेला. तो जायचाच, थोडाफार सगळ्यांचा जातो.

रॉक्सझोनच्या ८:०८ बद्दल मात्र मला तुझ्यावर रागावायचं आहे. बर्पी, म्हणजे जमिनीवर पालथं पडून उठायचं आणि पुढे उडी मारायची, ते झाल्यावर तू गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिलास. पाण्यापाशी पुन्हा उभा राहिलास. आपल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर आठव. २०१६ ला रिओत ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत तिला आपण टीव्हीवर बघितलं होतं, ती दहावी आली होती. २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात त्या शर्यतीत. मी तेव्हा तुला म्हणाले होते, तिची उडी बघू नकोस, उडीनंतरची चार पावलं बघ. खाली उतरली की लगेच लयीत. तुला स्टेशनवरून निघताना जोरात पळायचं नाहीये, पण थांबायचंही नाही. दुडक्या चालीने का होईना, हलत राहायचं. श्वास चालता चालताही खाली येतो.

वॉल बॉलचं, म्हणजे खाली वाकून चेंडू भिंतीवर उंच टाकायचा त्या स्टेशनचं सांगते आणि मग हिशोब मांडते. पहिले ३२ तू एका दमात टाकलेस, मी मोजत होते. मग पाच-पाचवर आलास, चेंडू छातीशी धरून उभा राहायला लागलास, आणि वाकणं उथळ झालं. कंबर गुडघ्याच्या खाली गेली नाही म्हणून नऊ वेळा नो रेप मिळाला. पंच बरोबर होता. ते नऊ तू टाकलेसच, फक्त मोजले गेले नाहीत. १०० वॉल बॉल म्हणजे दहा वेळा दहा, मध्ये तीन श्वास. पहिल्या दहाला तीन श्वास घेताना लाज वाटेल, पण घ्यायचे.

तर बघ. आठही किलोमीटर ५:३५ ने पळालास तर ४४:४०, म्हणजे ३:५२ वाचले. रॉक्सझोन ६ मिनिटांवर आणलास तर २:०८. वॉल बॉल ६ मिनिटांवर, १:४६. स्कीला १४ सेकंद मुद्दाम सोडायचे. झाले १:३०:४८. उरले ४८ सेकंद, आणि ते दोरीत आहेत. १०३ किलोंची स्लेज तू नुसत्या हातांनी ओढलीस, म्हणून ५:५२ लागले. हात सरळ ठेवून, अंग मागे झोकून, दोन पावलं मागे येत ओढ. आखलेल्या चौकटीत तेवढी जागा असते. तिथे ५ मिनिटं झाली, तर एकूण १:२९:५६. या सगळ्यात एक किलोही जास्त उचलावा लागत नाही.

आणि प्रो गटाचा विषय इतक्यात काढू नकोस. तिथे तीच ढकलायची स्लेज २०२ किलोंची. आधी हे.

आठवड्यातून दोनदा हळू पळ, किलोमीटरला सात मिनिटं लागली तरी चालेल, सोबतच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. तुला हे जमत नाही, कुणी पुढे गेलं की तू त्याच्या मागे लागतोस, लहानपणापासून. एक दिवस वीस लंजेस किंवा स्लेज, आणि लगेच ५:३५ चा एक किलोमीटर, असं पाच वेळा. पाचवा किलोमीटर पहिल्यापेक्षा हळू झाला तर समज, पहिला जोरात पळालास. वेट ट्रेनिंग दोन दिवस पुरे. आणि झोप. रात्री एक वाजता तुझा हिरवा दिवा दिसतो मला फोनवर.

त्या रात्री मावशीकडे तू वरण-भात चमच्याने खाल्लास. सगळ्यांना वाटलं दमलाय. मला तुझे तळहात दिसले होते, दोरीने सोललेले. हात मांडीवर उलटे ठेवून बसला होतास, आणि मावशीने "कसं झालं?" विचारल्यावर "ठीक" म्हणालास. बाळा, ३२ वर्षं मी मैदानावर मुलांना पळताना बघितलंय. पाचव्या किलोमीटरला मोडलेला मुलगा सातव्याला पुन्हा उभा राहिलेला मी फार थोड्या वेळा पाहिला. ते "ठीक" नव्हतं. हे मला त्याच रात्री सांगायचं होतं, पण सगळ्यांसमोर तुला अवघडल्यासारखं झालं असतं.

येत्या रविवारी ये. पहाटे साडेपाचला यवतेश्वरचा घाट चढू. तू पळ, मी आणि बाबा मागून चालत येतो. स्टॉपवॉचचा सेल बदलून आणलाय. घड्याळ माझ्या हातात राहील, तुझं तू घरी काढून ठेव. तुला वेग आतून कळायला हवा.

तळहाताला रात्री खोबरेल लाव. सुटलेली कातडी ओढून काढू नकोस, कात्रीने काप.

तुझी,
आई