हेदवीच्या वाटेवरील सायकल दुरुस्तीवाल्या काकांस

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

गेल्या जानेवारीत अलिबागहून रत्नागिरीस निघालेल्या आमच्या नऊ सायकलस्वारांपैकी ज्याच्यासाठी आपण जेवणावरून उठलात, तो मी. आपले नाव विचारायचे राहून गेले, हे तवसाळच्या जेटीवर पोहोचल्यावर ध्यानात आले. म्हणून हे पत्र असे जाहीरपणे लिहीत आहे. गावातील कोणी ना कोणी ते आपल्याला वाचून दाखवील, अशी आशा आहे.

सागरी मार्गाने जाणाऱ्या सायकलस्वाराला चार खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. प्रत्येक वेळी रस्ता सड्यावरून, म्हणजे उंचावरच्या खडकाळ माळावरून, थेट पाण्यापर्यंत उतरतो आणि पलीकडे तितकाच उभा चढतो. चौथ्या दिवशी गुहागर सोडून पालशेतच्या पुढे आलो असता अशाच एका उतारावर खड्डा चुकवण्याच्या नादात माझे सामानाने लादलेले मागचे चाक आदळले आणि त्याची गिअरच्या बाजूची एक तार, म्हणजे स्पोक, तुटली. चाकाला इतका आऊट, म्हणजे वाकडेपणा, आला की ते दर फेऱ्याला ब्रेकला घासू लागले.

आपल्या टपरीसमोर थांबलो तेव्हा आमच्यात जे बोलणे झाले, ते आपण ऐकले असणारच. त्या बाजूची तार बदलायची तर कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरील गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच, उतरवावी लागते, त्याचा खास पाना गावात मिळणार नाही, तेव्हा टेम्पो बोलवून परत गुहागर गाठावे, असे आमच्यातील जाणकारांचे मत होते. ‘हे चाक वेगळे असते काका’ असे आपल्याला समजावून सांगणारा मीच होतो. आपण हात धुऊन आलात, ‘चाक ते चाकच, उलटी करा सायकल’ एवढेच म्हणालात आणि कामाला लागलात.

पुढची चाळीस मिनिटे मी विसरणार नाही. साध्या काळ्या सायकलीची लांब तार आपण काढलीत, आमच्या शाबूत तारेशी ताडून डोक्याकडचा जास्तीचा भाग तोडलात आणि ते टोक पकडीने दोनदा उलटसुलट वाकवून त्याचा आकडा केलात. तो आकडा कॅसेटच्या मागून हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, भोकात अडकला. कॅसेटला हात लावावा लागला नाही. आटे दुसऱ्या टोकाला असल्याने रिममधील जुनाच निपल (तार आवळण्याची छोटी चावी) चालला, टायरही उतरवावा लागला नाही. मग फिरत्या चाकाजवळ खडू धरून, जिथे पांढरे उमटेल तिथल्या तारा पाव-पाव फेरा आवळत-सैल करत आपण आऊट काढलात. आम्ही पुण्याहून दोन किलो हत्यारे वाहून आणली होती. त्यांतले एकही आपल्या उपयोगी पडले नाही, हे सांगताना आता हसू येते. तेव्हा मात्र आले नव्हते.

मजुरी म्हणून आपण तीस रुपये घेतलेत आणि वर काकूंनी सर्वांना कोकम सरबत दिले, ज्याचे पैसे घेण्यास त्यांनी साफ नकार दिला. त्यांनाही माझा नमस्कार सांगावा.

आपल्या हातच्या तारेवर मी त्याच संध्याकाळी गणपतीपुळे ओलांडून रत्नागिरीस पोहोचलो. पुण्यात परतल्यावर नेहमीच्या मेकॅनिकने ती काढून नवी बसवली खरी, पण आकड्याकडे बराच वेळ पाहत राहून ‘हे कोणी केले?’ असे त्याने विचारले, तेव्हा मला आपले नाव सांगता आले नाही.

ते विचारण्यासाठी पावसाळा संपल्यावर पुन्हा येत आहे. येताना आमच्या मापाच्या डझनभर तारा घेऊन येईन. पकडीने ते टोक कसे वाकवायचे, एवढे मात्र मला शिकवावे.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
हिरव्या सायकलवाला